जुनी वाट

ऑगस्ट २०२०. लॉकडाऊनमुळे पुण्यातली खोली सोडून मी कोऱ्हाळे बुद्रुकला घरी आलो होतो. ११ तारखेला वर्डप्रेस ५.५ आलं आणि जुना कोड चालवून घेणारं जेक्वेरी मायग्रेट त्यातून निघालं. माझ्या प्लगइनचं बटण मुकं झालं. चूक माझीच. मी वापरलेलं 'लाइव्ह' फंक्शन जेक्वेरी १.९ नेच काढलं होतं. मायग्रेटच्या टेकूवर मी चालढकल करत राहिलो. एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी दोन दिवस बंद पडल्या. तो भांडला नाही, फक्त माझा फोन उचलायचा थांबला.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी माझं मॉड्यूल नव्यानं लिहीत होतो. एका फंक्शनचं नाव ओंगळ वाटलं म्हणून बदललं होतं, आणि त्या नावावर तिघांची प्लगइनं उभी होती.

बांधावर बसून अब्बांना सांगितलं. चारीच्या कामात त्यांनी वस्तीची वाट एकदा हलवली होती. म्हणाले, "पयले नवी वाट निकाल. लोगां चलने लगे, फिर पुरानी बंद कर."

संध्याकाळी जुनं नाव परत ठेवलं. आतून ते नव्या फंक्शनलाच बोलावतं आणि कन्सोलवर इशारा छापतं: पुढच्या मोठ्या आवृत्तीत निघेल.

अजून निघालेलं नाही. तिघांपैकी एक जण अजून तेच वापरतो.