सात भाकऱ्यांचे गणित

पाचवीत असताना अंशाधिक अपूर्णांक मला काही केल्या उमगेना. गुरुजींनी ७/३ हे उदाहरण घरी सोडवायला दिले होते. वडील वारल्याला वर्ष झाले होते. माझी अडचण ऐकून आईने टोपलीतल्या सात भाकऱ्या पुढे ओढल्या. आम्ही भावंडे तीन. प्रत्येकाच्या ताटात दोन भाकऱ्या पडल्या, एक उरली. “बाकी टाकायची नसते रे,” असे म्हणत तिने तिचेही तीन सारखे तुकडे केले. भागाकार दोन हा पूर्णांक, बाकी एक हा अंश, छेद मात्र तोच तीन : २ १/३. उत्तर जुळले. मी आनंदाने जेवलो.

पुढे सेमिनरीत पाच भाकरींच्या चमत्कारावर मनन करताना उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्यांपाशी मन अडखळले. आईची टोपली त्या रात्री रिकामी होती! जेवणारे आम्ही चौघे होतो. प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन भाकऱ्या यायला हव्या होत्या. छेदात तिने स्वतःला धरलेच नव्हते.

आज मिस्सामध्ये भाकर मोडताना मी तो छेद पुन्हा मोजतो.