विम्बल्डनचं दुसरं मैदान

बालमित्रांनो, विम्बल्डन म्हटलं की तुम्हाला टेनिस आठवतं, हो ना? पण लंडनच्या याच भागात, प्लाउ लेन रस्त्यावर, आणखी एक स्टेडियम होतं. १९२८ साली ते सुरू झालं. तिथे यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड कुत्रे वाऱ्यासारखे धावत. स्पीडवेच्या शर्यतीही रंगत. चार मोटारसायकली, मातीच्या वाटेवर चार फेऱ्या आणि गाडीला ब्रेकच नाही! वळणावर मागचं चाक घसरवतच गाडी वळवायची. आहे ना गंमत?

२००५ साली स्पीडवे थांबला. २५ मार्च २०१७ला कुत्रेही शेवटचे धावले. मग स्टेडियम पाडलं.

जवळच फुटबॉलचं एक मैदान होतं. १९९१मध्ये तिथला क्लब हलला. पुढे तो दुसऱ्या शहरात न्यायचं ठरलं, तेव्हा २००२ साली चाहत्यांनी स्वतःचाच क्लब काढला. पाडलेल्या स्टेडियमच्या जागी २०२०मध्ये त्यांचं मैदान उभं राहिलं. ते घरी परतले. पण शर्यतवाल्यांचं घर गेलं!

तुमच्या खेळाच्या मैदानावर पूर्वी काय होतं? आजी-आजोबांना आजच विचारा बरं!