थांबली की बंद पडणारी गाडी

आज डाळिंबाची नाही, गाडीची नोंद लिहितोय. जुनी पेट्रोल गाडी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या शेडात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची गाडी तेरा वर्षांची. आण्णांना आठवड्यातून दोनदा मोहोळकडनं सोलापूरला डायलिसिसला न्यावं लागतं. त्यामुळं सध्या घरात ट्रॅक्टरपेक्षा या गाडीला जास्त महत्त्व. फेब्रुवारीत तिनं नवीनच खोड काढली. हायवेला ऐंशीनं पळताना काही तक्रार नाही. सावळेश्वरच्या टोलनाक्यावर वेग कमी करून क्लच दाबला की इंजिन गप. जुना पुणे नाका, सात रस्ता, जिथं थांबायचं तिथं बंद. सेल्फ मारला की परत चालू.

लगेच चालू होते म्हणून हे अंगावर काढू नका. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला बूस्टरची मदत फार तर दोन-तीन दाबांपुरती उरते. नंतर पेडल दगडासारखं. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असेल तर काय होईल ते सांगायला नको.

सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणाला पेट्रोलचा पंप बदला, सहा-सात हजार. दुसरा म्हणाला आयडल वाढवून देतो, बंद पडणार नाही. पान पिवळं दिसलं की युरिया टाका म्हणणारे असतात, तसंच हे. जुनी पानं पिवळी पडली तर नत्राचा संशय घ्यायचा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाचा. आपल्या चुनखडीच्या रानात लोह मातीत असतं, झाडाला मिळत नाही. म्हणजे लक्षण कुठं दिसतंय ते आधी बघायचं, औषध नंतर.

मग गाडीचीही वही केली. दहा दिवसांत अकरा वेळा बंद पडली. त्यातल्या नऊ वेळा इंजिन गरम होतं, सात वेळा एसी चालू होता. चढाला किंवा ओव्हरटेक करताना एकदाही दम तुटला नाही. थांबताना ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला तर बंद पडत नव्हती.

यातनं बरंच कळलं. पंप कमजोर असता तर जास्त पेट्रोल लागतं तिथं, म्हणजे चढाला आणि वेगात, आधी अडखळली असती. आमची अडखळत होती ती फक्त उभी असताना. गाडी पळत असते तेव्हा थ्रॉटल बॉडीतली झडप उघडी असते, हवा भरपूर जाते. उभी असताना झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन आठशे-नऊशे फेऱ्यांवर तग धरतं ते कडेच्या बारीक फटीतनं आणि आयडलच्या छोट्या वाटेनं येणाऱ्या हवेवर. ठिबकसारखंच. गाळ मेन लाइनमधनं निघून जातो, चोक होतो तो ड्रिपर.

वही घेऊन ओळखीच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं वाचली आणि म्हणाला, "पंपाला हात नको लावू. आधी हवेचा डबा खोल."

डबा खोलला तर आत उंदराचं घर! ज्वारीची कणसं, कडब्याची पाती आणि एअर फिल्टरला कुरतडून पाडलेलं रुपयाएवढं भोक. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते, त्यांना रस्ता सोपा. त्या भोकातनं शेतरस्त्याचा फुफाटा सरळ आत जात होता. इंजिनातनं येणाऱ्या तेलकट वाफेत तो मिसळून झडपेच्या कडेला काळा चिखल बसला होता. ड्रिपर चोक होता.

नवा फिल्टर अडीचशेचा, साफ करायचा स्प्रे साडेतीनशेचा. इंजिन थंड करून थ्रॉटल बॉडी आणि आयडलचा व्हॉल्व्ह साफ केला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काही वेळ काढून जोडली, मग दहा मिनिटं ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवलं. दोन गोष्टी जपा. स्प्रे पेट घेतो, विडी-काडी लांब. आणि झडप तारेऐवजी मोटरवर चालणारी असेल तर ती बोटानं ढकलू नका, मिस्त्रीला करू द्या.

नुसता आयडल वाढवला असता तर गाडी बंद पडणं थांबलं असतं, पण धूळ आत जात राहिली असती आणि वर्षभरात रिंगा-सिलिंडर घासले असते. मग इंजिनचं काम निघालं असतं.

तुमच्याकडं हवेचा डबा स्वच्छ निघाला तर पुढचा क्रम असा: स्पार्क प्लग, कॉइल आणि वायरी, इनटेकपासून ब्रेक बूस्टरपर्यंतच्या रबरी नळ्या, बॅटरीचे टर्मिनल. पेट्रोलचं प्रेशर गेज लावून मोजायचं, अंदाजानं पंप बदलायचा नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नसतं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या मऊ पडल्यात का, चिरल्यात का तेही बघा. इथेनॉल पाणी ओढतं. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

त्यानंतर तीन आठवड्यांत आण्णांच्या सहा फेऱ्या झाल्या. सात रस्त्याला सिग्नलवर गाडी उभी राहिली आणि इंजिन चालूच राहिलं. आण्णा म्हणाले, "आता कशी गुरगुरती बघ."

गाडी कडब्यापासनं लांब लावतोय. हवा घेणाऱ्या तोंडाला मोठ्या भोकाची जाळी बसवलीय. दर महिन्याच्या एक तारखेला डबा खोलून बघायचं, असं वहीत लिहिलंय.

पुढची नोंद आंबे बहाराच्या सेटिंगवर.