माइक बंद होता, म्हणून माफ?

जाहिराती चालू आहेत, आपला आवाज प्रेक्षकांपर्यंत जात नाही, अशा समजुतीत एखाद्या समालोचकाने खेळाडूच्या धर्मावरून अपशब्द काढला, तर त्याची नोकरी जावी का? हा प्रश्न काल्पनिक नाही. ऑगस्ट 2006 मध्ये कोलंबोला श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका यांचा कसोटी सामना चालू होता. ऑस्ट्रेलियाचे माजी फलंदाज डीन जोन्स टेन स्पोर्ट्स वाहिनीसाठी समालोचन करत होते. हाशिम आमलाने कुमार संगकाराचा झेल घेतला आणि जोन्स बोलून गेले की, दहशतवाद्याला आणखी एक बळी मिळाला. वाहिनीवर त्या वेळी जाहिराती लागल्या होत्या, पण दक्षिण आफ्रिकेतल्या प्रेक्षकांना ते वाक्य स्पष्ट ऐकू गेले. तिथून तक्रारी आल्या. काही तासांत जोन्स यांना कामावरून काढण्यात आले आणि ते मायदेशी परतले.

आम्हा बडोदेकरांना ती मालिका आणखी एका कारणाने लक्षात आहे. आधीच्याच कसोटीत संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी 624 धावांची भागीदारी केली आणि आमच्या गावाचा जवळजवळ साठ वर्षांचा विक्रम मोडला. मार्च 1947 मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध 577 धावा जोडल्या होत्या. इंदूरच्या वाचकांना ही आठवण नकोशी वाटेल, त्यांनी क्षमा करावी! हजारे सांगलीचे, धर्माने ख्रिस्ती. गुल महंमद मुसलमान, पुढे ते पाकिस्तानात गेले आणि त्या देशाकडूनही कसोटी खेळले. फाळणीच्या वर्षात, देशभर आग धुमसत असताना, ही जोडी एकाच संघासाठी तासन्‌तास खेळपट्टीवर उभी होती. तो विक्रम मोडला गेला त्या मालिकेतच एका खेळाडूला त्याच्या दाढीवरून दहशतवादी म्हटले जावे, हे मला त्या वेळी फार लागले होते.

आमला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. जन्म डर्बनचा, पण घराणे मूळचे आपल्या गुजरातेतले, सुरतेकडचे. धर्माचरण कडक, संघाच्या कपड्यांवर बिअरच्या कंपनीचे चिन्ह असे, ते त्याने वापरले नाही. आणि दिवस कोणते होते? मुंबईच्या लोकल गाड्यांत 11 जुलै 2006 रोजी स्फोट झाले होते. त्याला महिनाही झाला नव्हता. आदल्या वर्षी लंडनमध्ये तसेच घडले होते. त्या दिवसांत दाढीवाल्या तरुणाकडे लोक कसे पाहत, ते आपण आगगाडीच्या डब्यांत पाहिले आहे. जोन्स यांचे वाक्य त्या नजरेतूनच आलेले होते.

जोन्स यांनी लगेच माफी मागितली. आपण मूर्खासारखे आणि असंवेदनशील बोललो, हे त्यांनी मान्य केले. पण ते बोलणे हवेत जायचे नव्हतेच, असेही म्हणाले. सगळा वाद या दुसऱ्या वाक्यापाशी येतो. ऐकू गेले नसते, तर ते चालले असते का?

मी काही वर्षे एका रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदिका म्हणून काम केले आहे, म्हणून त्या खोलीतली व्यवस्था थोडी सांगते. स्टुडिओत लाल दिवा लागला की आपला आवाज श्रोत्यांपर्यंत जातो. दिवा विझला की जात नाही. पण दिवा विझला म्हणजे माइक बहिरा झाला, असे नाही. काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला स्टुडिओतले बोलणे पुष्कळदा ऐकू येत असते. क्रिकेटमध्ये तर गुंता आणखी वाढतो. मैदानावरून निघालेले चित्र आणि आवाज एकाच वेळी अनेक देशांत जातात. जाहिराती प्रत्येक वाहिनी आपापल्या सोयीने लावते. एका देशात साबणाची जाहिरात चालू असते, तेव्हा दुसऱ्या देशात समालोचकाचे खोकणेही ऐकू जाऊ शकते. 2004 साली इंग्लंडच्या रॉन ॲटकिन्सन या फुटबॉल समालोचकाचे असेच झाले. सामना संपला, माइक बंद आहे असे समजून ते एका कृष्णवर्णीय खेळाडूला वर्णावरून बोलले आणि मध्यपूर्वेतल्या काही देशांत ते ऐकू गेले. त्यांनाही आयटीव्हीचे काम सोडावे लागले. म्हणून या धंद्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात: माइक समोर आहे तोवर तो चालू आहे असेच समजावे.

आमच्या केंद्रावर नियंत्रण कक्षात एक मुसलमान तंत्रज्ञ होते. वयाने मोठे, अबोल, कामात अतिशय चोख. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो. त्यांच्या निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेट झाली, तेव्हा जुन्या गप्पांत त्यांनी एक गोष्ट सांगितली. शहरात तणाव होता त्या दिवसांत एक निवेदक रेकॉर्ड चालू असताना स्टुडिओत कोणाशी तरी बोलत होते. ‘या लोकांना’ काय केले पाहिजे, याविषयी ते बोलणे होते. भाईंच्या कानावर हेडफोन होता. त्यांनी सगळे ऐकले. रेकॉर्ड संपत आली, तशी त्यांनी निवेदकाला हाताने खूण केली, लाल दिवा लावला आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला. त्या निवेदकांना शेवटपर्यंत कळले नाही.

मी विचारले, “तक्रार का नाही केलीत?”

ते गुजरातीत म्हणाले, “बेन, त्यांची नोकरी जावी असं मला कधी वाटलं नाही. त्यांची मुलं माझ्या मुलांच्या शाळेत होती. पण आपण बोललो ते भाईनं ऐकलं, एवढं त्यांना कळायला हवं होतं. त्यानंतर मी सोळा वर्षं त्यांना रोज ‘केम छो’ म्हटलं. ते हसून ‘मजामां’ म्हणायचे. मला रोज ते वाक्य आठवायचं, त्यांना काहीच आठवत नव्हतं.”

या विषयावर मी पुष्कळ लेख वाचले आहेत. त्यांत काढणाऱ्याची बाजू असते आणि काढलेल्याची बाजू असते. काचेपलीकडे बसलेला माणूस त्यांत क्वचित दिसतो. म्हणून मला वाटते की, माइक बंद होता ही सबब फार काळ टिकत नाही. कोणीच ऐकले नाही, असे फार थोड्या वेळा घडते. श्रोत्यांनी ऐकलेले नसते, पण तंत्रज्ञाने, कॅमेरामनने, चहा आणून देणाऱ्या मुलाने ऐकलेले असते. ते बोलत नाहीत, कारण त्यांनाही नोकरी सांभाळायची असते.

यावर कोणी म्हणेल, माणूस खाजगीत काय बोलतो यावर नोकऱ्या जायला लागल्या, तर देशात कोण उरेल? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. घरी जेवताना, मित्रांच्या बैठकीत आपण जे बोलतो ते कोणी चोरून ध्वनिमुद्रित करावे आणि त्यावरून पोटावर पाय यावा, हे मला मुळीच मान्य नाही. पण समालोचन कक्ष हे घर नव्हे. तिथे माणूस कामावर असतो, त्या वेळेचे पैसे घेत असतो, आणि ज्याच्या खेळाचे वर्णन करायला बसला आहे त्याच्याविषयीच बोलत असतो. न्यायाधीशाने मधल्या सुट्टीत, न्यायालयातच, समोरच्या पक्षकाराच्या धर्मावरून शेरा मारला, तर सुट्टी चालू होती म्हणून आपण सोडून देऊ का? त्याचा निकाल पुन्हा निःशंक मनाने वाचता येणार नाही.

समालोचकाकडे तरी दुसरे भांडवल काय असते? आपल्याकडे रेडिओवर क्रिकेटचे धावते समालोचन सुरू झाले ते 1934 साली, मुंबईच्या चौरंगी सामन्यांत. बॉबी तल्यारखान माइकपुढे होते आणि सामना होता पारशी विरुद्ध मुस्लिम! त्या काळी संघच धर्मावर पाडलेले होते आणि तल्यारखान स्वतः पारशी. तरीही पुढे कितीतरी वर्षे सर्व धर्मांची माणसे कानाला रेडिओ लावून त्यांना ऐकत होती. चेंडू सीमापार गेला असे हा माणूस सांगतो म्हणजे तो गेलाच असणार, एवढा भरवसा असल्याशिवाय कोणी ऐकत नाही. जोन्स यांचे ते वाक्य ऐकल्यानंतर आमलाने सोडलेल्या झेलाबद्दल ते काय सांगतात, यावर डर्बनमधल्या मुसलमान घराने कसा विश्वास ठेवायचा? म्हणून त्या मालिकेतून त्यांना उठवले ते योग्यच झाले, असे माझे मत आहे.

मात्र दर वेळी उठवणेच योग्य, असेही नाही. अमेरिकेत 2010 साली हुआन विल्यम्स या पत्रकाराला एनपीआर या सार्वजनिक रेडिओने काढून टाकले. ते दुसऱ्याच एका वाहिनीवर म्हणाले होते की, विमानात मुस्लिम पेहरावातली माणसे दिसली की आपल्याला धास्ती वाटते. पण त्याच चर्चेत पुढे, काही अतिरेक्यांवरून साऱ्या मुसलमानांना दोष देऊ नये, असेही त्यांनी मांडले होते. त्यांना समोर बसवून विचारलेही नाही. फोनवर निरोप देऊन काम संपवले. त्यावर इतके वादळ उठले की, ज्या अधिकारी बाईंनी तो फोन केला होता त्यांनाच काही महिन्यांत पद सोडावे लागले. स्वतःच्या मनातली भीती कबूल करणे आणि दुसऱ्याच्या कपाळावर शिक्का मारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. भीती बोलून दाखवणाऱ्याशी वाद घालता येतो, त्याला समजावता येते. दोघांना एकच शिक्षा दिली, तर लोक मनातले बोलणे तेवढे थांबवतील, मनातून काही काढणार नाहीत.

आपला कायदाही हेतू पाहतो. धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे जुने 295-अ कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत 299 क्रमांकाने आले आहे, ते जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानासाठी आहे. माइक बंद समजून पुटपुटलेले वाक्य त्यात बसवणे कठीण. ते बसवूही नये. पोलीस, खटला, घरावर मोर्चा यांची इथे गरज नाही. हा मालक, नोकर आणि ज्याला लागले तो माणूस, या तिघांमधला प्रश्न आहे. बाहेरच्या जमावाने ओरडून तो सोडवायला घेतला की दुखावलेला माणूस बाजूलाच राहतो आणि त्याच्या नावाने दुसऱ्यांचेच हिशेब चुकते होतात.

जोन्स यांचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होत नाही. 1986 साली मद्रासच्या उकाड्यात, ओकाऱ्या होत असताना 210 धावा काढून इस्पितळात दाखल झालेला हा जिद्दी माणूस. त्यांचे समालोचनाचे काम गेले ते कायमचे नव्हे. काही काळाने ते परत माइकपुढे आले. आणि पुढे त्यांनी काय करावे? पाकिस्तान सुपर लीगमध्ये इस्लामाबाद युनायटेडचे प्रशिक्षकपद घेतले. 2016 आणि 2018 मध्ये तो संघ विजेता ठरला. मधल्या काळात ते अफगाणिस्तानच्या संघाचेही थोड्या काळासाठी प्रशिक्षक होते. सप्टेंबर 2020 मध्ये आयपीएलच्या समालोचनासाठी ते मुंबईत असताना अचानक वारले, तेव्हा ते कराची किंग्जचे प्रशिक्षक होते. दोन महिन्यांनी त्या संघाने करंडक जिंकला आणि त्यांची आठवण काढली. इकडे आमलाने 2012 मध्ये ओव्हलवर नाबाद 311 धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेचे ते पहिले कसोटी त्रिशतक. पुढे तो कसोटी संघाचा कर्णधारही झाला.

त्या दिवशी नोकरी गेली नसती, तर जोन्स बदलले असते का, हे कोणी सांगू शकणार नाही. पण जन्मभराचे दरवाजे बंद केले असते, तर पाकिस्तानातल्या त्या तरुण मुलांबरोबर मैदानावर उभे राहण्याची संधी त्यांना नक्कीच मिळाली नसती. त्या मुलांनी त्यांना आपले मानले, याला मी कोणत्याही माफीपत्रापेक्षा जास्त किंमत देते.

म्हणून माझे मत असे. कामावर असताना, ज्यांच्यासाठी किंवा ज्यांच्याविषयी आपण बोलतो त्यांच्या धर्माची निंदा केली, तर ती खुर्ची जावी, मग लाल दिवा लागलेला असो वा विझलेला. काढण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे. ज्याला लागले त्याला आधी विचारावे, त्याच्या समोर बसून माफी मागण्याची सोय करावी. आणि शिक्षेला मुदत असावी, कारण माणसाला घर चालवायचे असते आणि सुधारण्यासाठी कुठेतरी उभे राहायला जागाही लागते.

भाईंच्या त्या निवेदकांना यांतले काहीच मिळाले नाही, शिक्षाही नाही आणि सुधारण्याची संधीही नाही. वाचकांना काय वाटते, ते जरूर कळवावे. विशेषतः ज्यांनी अशा नोकरीत काचेपलीकडची खुर्ची सांभाळली आहे, त्यांनी.