वर्दीतल्या माणसाने एकट्यानेच का बोलायचे?

आमच्या सातारा-सांगलीकडे फौजी नाही अशी वस्ती शोधावी लागेल. आमचे नाना सुट्टीवर आले की सीमेच्या गोष्टी कमीच सांगत. साहेबाच्या बंगल्यावरची ड्युटी, बाजाराची पिशवी, कुत्रे फिरवणे, हेच जास्त. एकदा आम्ही विचारले, चौघे मिळून अर्ज का करत नाही? नाना म्हणाले, "एकट्यानं केला तर अर्ज, चौघांनी केला तर बंड."

मित्रांनो, हे आपल्याला नवे नाही. इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा 1894 मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. ते निवृत्त फौजी होते. लहानग्या भीमरावांना घेऊन साताऱ्यात राहिलेले सुभेदार रामजीही पेन्शनरच. आपल्या फौजींना तोंड फुटले ते वर्दी उतरल्यावर.

आता कोणी म्हणेल, कलम 33 बाबासाहेबांच्याच संविधानात आहे. आहे ना! पण ते कलम सैनिकांच्या हक्कांवर मर्यादा घालायचा अधिकार संसदेला देते, संघटना नकोच असे सांगत नाही. 1954 च्या लष्करी नियमांत, केंद्र सरकारच्या स्पष्ट मंजुरीशिवाय जवानाला कामगार संघटनेचे सभासद होता येत नाही, असे आहे. म्हणजे मंजुरी देता येते. घटनादुरुस्तीही लागत नाही. आणि मालकांनी युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक 1943 मध्ये मजूरमंत्री म्हणून कोणी मांडले होते? बाबासाहेबांनीच.

संप आम्हीही मागत नाही. चौकी सोडून कोण बसेल? जर्मनीत 1956 पासून सैनिकांची संघटना आहे, संपाचा हक्क नाही, आणि त्यांची फौज काही मोडली नाही. उलट आपल्याकडे फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईच्या 'तलवार'वर नाविकांचा भडका उडाला तो निकृष्ट जेवणावरून आणि अपमानावरून. ऐकून घेणारे कोणी नव्हते.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराला युनियन आहे. तोच दारूगोळा वापरणाऱ्या जवानाला नाही. वेतन आयोगापुढे रेल्वे कामगारांचे पुढारी बोलतात, जवानाच्या वतीने अधिकारीच बोलतात. जवानांनी निवडलेला जवान तिथे का नको? (अशा संघटनेतही आपल्या माणसाला खुर्ची कितवी मिळेल, ही शंका आहेच. ते भांडण त्यानंतर करू.)

नाना आता पेन्शनीत आहेत. परवा सांगलीत माजी सैनिकांच्या निवेदनावर त्यांनी सही केली. खाली आणखी तीस सह्या होत्या. कोणी त्याला बंड म्हटले नाही.