मेलेल्यांना मारायचा खेळ

आज नगरपालिका नाही, पाणी नाही, बायपासचं रखडलेलं काम नाही. आज एका व्हिडिओ गेमबद्दल लिहितोय. 'साहेबांना कामधंदा उरला नाही वाटतं' असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी जरूर म्हणा, फक्त आधी शेवटपर्यंत वाचा. गेल्या काही महिन्यांत निदान दहा-बारा पालकांनी मला विचारलंय, "पोरगं बंदुकीचे गेम खेळतंय, द्यावं का काढून घ्यावं?" दरवेळी वरवरचं काहीतरी उत्तर देण्यापेक्षा एकदा स्वतः खेळून बघू म्हटलं.

पुण्याच्या मावसभावाने त्याचा जुना निन्टेन्डो स्विच वापरायला दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: हे हातात धरून खेळायचं मशीन. सव्वासहा इंचाचा पडदा, दोन बाजूंना बटणं, वजन साधारण चारशे ग्रॅम. टीव्हीलाही जोडता येतं आणि लाईट गेली तरी चार्जिंग असेपर्यंत चालतं. दुसरा गुण आपल्या तालुक्याच्या दृष्टीने फार मोठा.

त्यात जो गेम होता त्याचं नाव 'झॉम्बी आर्मी ट्रिलॉजी'. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या रिबेलियन या कंपनीचा. त्यांची 'स्नायपर एलिट' नावाची मालिका आधीपासून गाजलेली. दुसऱ्या महायुद्धात लांबून दबा धरून नेम साधणारा एक सैनिक, हा त्यातला नायक. 2013 मध्ये त्यांनी त्याच साच्यात झॉम्बी घातले, म्हणजे थडग्यातून उठून आलेले मुडदे. एका वर्षात दोन भाग काढले. 2015 मध्ये तिसरा भाग जोडून तिन्हींचा एक संच केला, आणि तोच संच 31 मार्च 2020 ला स्विचवर आला. तेव्हा आपण पहिल्या लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेले होतो आणि खिडकीतून रिकामा रस्ता बघत होतो.

गोष्ट थोडक्यात अशी. 1945 चं बर्लिन. युद्ध हरलंय हे दिसल्यावर हिटलर एक शेवटचा हुकूम सोडतो आणि मेलेले जर्मन सैनिक उठून उभे राहतात. आपण आणि आपले साथीदार पडक्या शहरातून, चर्चमधून, भुयारांतून, स्मशानातून वाट काढत शेवटी हिटलरपर्यंत पोचायचं. एकूण पंधरा टप्पे आहेत. कथेत फार डोकं लावू नका, गेमवाल्यांनीही लावलेलं नाही.

खेळ म्हणून कसा आहे? खरं सांगतो, चांगला आहे. दुर्बिणीतून बघायचं, श्वास रोखायचा, गोळी सोडायची. अवघड पातळीवर खेळलात तर लांबच्या नेमाला गोळी खाली उतरते हे धरून थोडं वर रोखावं लागतं. मशीन हातात हलकं तिरकं केलं की नेमही तेवढाच सरकतो. बारीक नेमाला ही सोय अंगठ्यापेक्षा बरी वाटली, पहिल्या तासाभरात हात बसतो. चार जण मिळून खेळायची सोय आहे, तेव्हा मजा दुप्पट होत असणार. मी एकट्यानेच खेळलो. पार्श्वसंगीत जुन्या भयपटांसारखं, सिंथेसायझरचं. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर पाठीमागे बघावंसं वाटतं.

दोषही आहेत. छोट्या पडद्यावर अंधारातले लांबचे झॉम्बी मुंगीएवढे दिसतात. माझ्या चाळिशीच्या चष्म्याला तर ते दिसतच नव्हते. आणि पाच-सहा टप्प्यांनंतर तेच ते होतं. पुढे जा, दार बंद, झुंडी येणार, झुंडी संपवा, दार उघडणार, पुन्हा पुढे जा. पण एक गोष्ट मला आवडली. एकदा विकत घेतला की संपलं. मधेच थांबवून 'दोनशे रुपये भरा म्हणजे नवी बंदूक देतो' असं कुणी म्हणत नाही. या गेमला सुरुवात आहे आणि शेवट आहे. शेवट नसलेल्या मोबाईलच्या गेमांनी आणि पत्त्यांच्या ॲपांनी आपल्याकडे काय करून ठेवलंय ते मी सांगायला नको.

आता मुख्य भाग.

या गेमची ओळख म्हणजे त्यातला एक्स-रे कॅमेरा. तुमचा नेम चांगला लागला की खेळ मंदावतो. कॅमेरा गोळीच्या मागे मागे जातो आणि समोरच्याच्या अंगात शिरतो. कवटी फुटताना, बरगडी तुटताना, आतले अवयव फाटताना दिसतात. डॉक्टरकडे एक्स-रे लावून बघावा तसं, फक्त हलतं. पहिल्या वेळी मी दचकलो. दहाव्या वेळी बघितलं. तिसाव्या वेळी बटण दाबून पुढे गेलो, कारण वेळ जात होता.

माझा मुलगा आठवीत आहे. एका संध्याकाळी तो मागून येऊन बघत उभा राहिला. मी मशीन बंद केलं. म्हणाला, "पप्पा, बघू द्या की. ते आधीच मेलेले आहेत ना? मग त्यांना मारलं तर काय होतंय?"

प्रश्न बिनतोड होता. मी तेव्हा "अभ्यासाला बस" एवढंच म्हणालो, जे सगळे बाप म्हणतात.

नंतर मला जाणवलं की नेमका हाच प्रश्न जर्मनीत घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला होता. माणसांवरच्या क्रूर हिंसेचं उदात्तीकरण करणारं साहित्य तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कलमाखाली 'द ईव्हिल डेड' या अमेरिकन भयपटाच्या व्हिडिओ कॅसेटवर कारवाई झाली. प्रकरण वर गेलं आणि 1992 मध्ये न्यायालयाने म्हटलं की कायद्यात शब्द 'माणूस' आहे, झॉम्बी हा माणूस नव्हे, त्यामुळे कायदा ओढून-ताणून त्याला लावता येणार नाही. म्हणजे माझ्या पोराचा मुद्दा मान्य झाला म्हणा ना. पण गोष्ट तिथे संपली नाही. 2004 पासून त्याच कलमात 'माणसासारखे जीव' असे शब्द घालण्यात आले. तिथल्या कायदेमंडळाचं म्हणणं साधं असावं: चालतो माणसासारखा, दिसतो माणसासारखा, तर त्याच्या चिरफाडीची मजा घेणं ही सवय माणसाच्या दिशेनेच जाते.

कोण बरोबर? मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. गेम खेळून कुणी खुनी होतो, या मताचा मी नाही. तसं असतं तर माझ्या पिढीतले निम्मे लोक व्हिडिओ पार्लरमधून थेट तुरुंगात गेले असते. पण या गेमने जी युक्ती वापरलीय ती ओळखायला शिकणं मला गरजेचं वाटतं. युक्ती अशी: समोरच्याला आधी मेलेला ठरवायचं. मग त्याचं नाव, घर, वय काहीच विचारावं लागत नाही.

खरं बर्लिन कसं होतं? 16 एप्रिल 1945 ला सोव्हिएत फौजांचा शेवटचा हल्ला सुरू झाला, 30 एप्रिलला हिटलरने आत्महत्या केली, 2 मेला शहर शरण आलं. त्या शेवटच्या दिवसांत तिथे थडग्यातून कुणी उठलं नव्हतं. सैन्य कमी पडलं म्हणून 16 ते 60 वयाच्या पुरुषांची 'फोल्क्सश्टुर्म' नावाची फौज आधीच्या ऑक्टोबरातच उभी केली होती. शेवटी शेवटी तर त्याहून लहान पोरंसुद्धा रणगाडे उडवायची नळकांडी घेऊन रस्त्यावर उभी होती. आपल्याकडच्या नववी-दहावीच्या वर्गातली म्हणा. झॉम्बी बघताना हे आठवलं आणि तो एक्स-रे कॅमेरा मला पहिल्यासारखा बघवेना.

दुसरी बाजूही आहे, तीही सांगतो. नाझी काही बिचारे नव्हते. त्यांनी लाखो माणसं मारली आणि मारण्याआधी त्यांना 'उंटरमेन्श' म्हटलं, म्हणजे माणसापेक्षा खालचे. 1942 मध्ये हिटलरच्या एसएस संघटनेने याच नावाची सचित्र पुस्तिका काढली होती. तेव्हा ज्यांनी दुसऱ्यांना माणूस मानलं नाही, त्यांनाच गेमने माणूस ठेवलं नाही, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. मला तो धोक्याचा वाटतो. कारण मुलाच्या डोक्यात काय बसतं? की वाईट माणूस म्हणजे लाल डोळ्यांचा, सडलेल्या अंगाचा, लांबूनच ओळखू येणारा. प्रत्यक्षात ते सगळं करणारे कारकून होते, शिक्षक होते, पोलीस होते, रेल्वेचं वेळापत्रक लावणारे होते. संध्याकाळी घरी जाऊन पोरांचा अभ्यास घेणारे होते. तुमच्या-माझ्यासारखे दिसणारे. लाल डोळे असते तर काम सोपं होतं.

1994 मध्ये रवांडात एका रेडिओवरून दिवसरात्र तुत्सी लोकांना 'झुरळं' म्हटलं जात होतं. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, कितीतरी ठिकाणी शेजाऱ्यांनीच मारली. झुरळ म्हटल्यावर चप्पल उचलायला कुणाला वाईट वाटत नाही.

आता आपल्या गावात या. निवडणुकीच्या काळात माझ्याच पोस्टखालच्या कमेंट वाचा. अमका 'गुलाम', तमका 'अंधभक्त', कुणी 'कीड', कुणी 'पिलावळ'. 'यांना मेंदूच नाही', 'यांना गाडायला पाहिजे'. लिहिणारा आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तो, दोघेही एकाच टपरीवर चहा पिणारे. दोघांची पोरं एका शाळेत. मोबाईलच्या पडद्यावर मात्र समोरचा आधीच मेलेला. मग त्याच्यावर काहीही झाडलं तरी चालतं, आणि नेम बसला की पन्नास लाईक.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. इतकी वर्षं बातमीदारी करताना अपघाताच्या ठिकाणी मी शेकडो वेळा गेलोय. मृतदेहाचा फोटो छापायचा नाही, एवढी शिस्त आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवली होती आणि बहुतेक जण ती पाळतात. पण मी गाडीवरून उतरेपर्यंत क्लिप ग्रुपवर पोचलेली असते. चेहरा दिसतोय, रक्त दिसतंय, गाडीचा नंबर दिसतोय, खाली तीन हात जोडलेले इमोजी. घरच्यांना पोलिसांचा फोन जायच्या आधी क्लिप जाते. त्या ग्रुपांत आठवीतली पोरं असतात, घरात आईचा मोबाईल कुणाच्या हातात असतो ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या पोराने एक्स-रे कॅमेरा बघू नये म्हणून मी मशीन बंद केलं, पण खरं मेलेलं माणूस त्याने त्याआधीच बघितलं असेल. आणि ते कुणीतरी आपल्यातल्यानेच पाठवलेलं.

त्या गेमवर निदान '18' असा आकडा ठळक छापलेला असतो. युरोपातलं मानांकन आहे ते. स्विचमध्ये पालकांसाठी सोय आहे: मुलाचं वय टाका, वरच्या वयाचा गेम उघडतच नाही. फोनवरून वेळेची मर्यादाही घालता येते. आपल्या फॉरवर्डवर कुठला आकडा असतो?

तर ज्या पालकांनी विचारलं होतं त्यांना माझं उत्तर. हा गेम आठवीच्या मुलाला देऊ नका, अठराचा आकडा खरा धरा. मोठ्यांनी खेळायला हरकत नाही, करमणूक म्हणून पैसे वसूल आहेत. पण नुसतं 'नाही' म्हणून मशीन कपाटात टाकू नका, कारण मुलाचा प्रश्न कपाटात जात नाही. तो मित्राच्या मोबाईलवर उत्तर शोधतो.

मी मुलाला दोन दिवसांनी सांगितलं, "तुझं बरोबर आहे, ते मेलेलेच आहेत. पण त्यांना मेलेलं कुणी ठरवलं, हे आधी विचारायचं. गेममध्ये गेमवाल्याने ठरवलं. बाहेर कुणी ठरवलं तर लगेच नेम धरायचा नाही." त्याला किती कळलं माहीत नाही. "म्हणजे अठरा झाल्यावर देणार का?" एवढंच त्याने विचारलं. देणार म्हणालो.

आणि आपल्या मोठ्यांसाठी आजपासून या पेजचा एक नियम. मृतदेहाचा फोटो किंवा क्लिप कमेंटमध्ये आली तर उडवली जाईल. कुणाला किडा, झुरळ, पिलावळ म्हणणारी कमेंटही उडवली जाईल, मग ती माझ्या बाजूची असो नाहीतर विरोधातली. टीका करा, शिव्यांच्या जवळपास जाणारी करा, आकडे मागा, माझी बातमी खोटी ठरवा. फक्त समोरचा जिवंत आहे एवढं धरून लिहा.

तुमच्या घरात पोरं काय खेळतात आणि तुम्ही त्यांना काय सांगता, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. मला खरंच वाचायचंय.