कुरळ्या केसांचं पाणी

केसात किती पाणी राहील, हे आपण डोक्याला काय लावतो यापेक्षा बाहेरची हवा किती दमट आहे यावर जास्त ठरतं. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर केसाच्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी त्यात असतं. आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांवर गेली की ते १३ ते १५ टक्के होतं, आणि हवेत आणखी बाष्प मावेनासं झालं की ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचतं. केस सरळ असो की कुरळा, या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच मे महिन्यात नागपूरला असलेली मुलगी जुलैत मुंबईला आली, की आपले केस आपल्याला ओळखूच येत नाहीत असं तिला वाटतं.

मी माटुंग्याच्या यूडीसीटीत तेलांचं तंत्रज्ञान शिकले आणि तेव्हापासून शाम्पू-कंडिशनरची सूत्रं बनवते आहे. कुरळ्या केसांची मुलगी भेटली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "ताई, केस फार कोरडे आहेत, ओलावा टिकतच नाही." मापून पाहिलं तर तिच्या केसांत पाणी कमी नसतं. ब्लीच केलेला, इस्त्री फिरवून फिरवून शिणलेला केस तर निरोगी केसापेक्षा पटकन पाणी ओढतो आणि तितक्याच पटकन सोडून देतो. प्रयोगशाळेत लोकांच्या हातात केसांच्या बटा दिल्या, तर ज्या बटेत पाणी कमी, तिलाच बहुतेक जण 'मऊ, छान ओलसर' म्हणतात. कारण बोटांना पाणी कळत नाही, पृष्ठभाग कळतो. पाणी पिऊन फुगलेल्या केसाचा पृष्ठभाग खरखरीत होतो.

पावसाळ्यात केस पिंजारतात तेही पाण्याच्या अभावाने नाही. केसातल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. दमट हवेतलं पाणी हे बंध सोडवतं, नंतर ते नव्या जागी जुळतात, आणि प्रत्येक केस शेजारच्याचा विचार न करता आपापल्या दिशेला वळतो. सकाळी नीट बसलेलं वळण लोकलमधून उतरेपर्यंत विस्कटतं ते यामुळे. तेव्हा कुरळ्या केसांची निगा म्हणजे पाण्याची ये-जा सावकाश करणं, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत असते. भराभर पाणी पिणारा आणि भराभर वाळणारा केस प्रत्येक वेळी थोडा झिजतो.

ही झीज कुरळ्या केसांच्या वाट्याला जास्त येते. सरळ केसाचा छेद बराचसा गोल असतो, कुरळ्याचा लंबवर्तुळासारखा चपटा. ज्या मुळातून तो उगवतो ते मूळही त्वचेखाली वाकलेलं असतं. टाळूतून पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, कुरळ्या केसात मात्र पहिल्या काही वळणांतच अडकतं. त्यामुळे टाळू तेलकट आणि टोकं राठ अशी तक्रार एकाच डोक्यावर असते, आणि दोन्ही खऱ्या असतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. ताणून ३६ सेंटिमीटर भरणाऱ्या बटेचं टोक तीन वर्षांचं असतं. त्याने तीन पावसाळे, तीन उन्हाळे आणि शेकडो न्हाणी पाहिलेली असतात. टाळूबाहेर आलेल्या केसाला स्वतःची डागडुजी करता येत नाही, म्हणून मी टोकाकडे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे पाहावं तशी पाहते.

केसाच्या बाहेरच्या आवरणात सूक्ष्म खवले कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसवलेले असतात. मुळाशी त्यांचे साधारण सहा ते दहा थर भरतात. सगळ्यात वरच्या खवल्यावर एका स्निग्धाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो. अठरा-मिथाइल-आयकोसॅनॉइक आम्ल हे त्याचं लांबलचक नाव. नव्या केसावर पाण्याचा थेंब ठरत नाही, तो याच थरामुळे. ब्लीच, तीव्र अल्कधर्मी रंग आणि सरळ करण्याची रसायनं हा थर उतरवतात, आणि तो परत येत नाही. खाली उघडा पडलेला पृष्ठभाग ऋणभारित असतो. कंडिशनरमधल्या बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारख्या रेणूंवर धनभार असतो, म्हणून ते जिथे झीज जास्त तिथे जास्त चिकटतात. टोक कुठलं आणि मूळ कुठलं हे त्यांना सांगावं लागत नाही. इतकी वर्षं हे काम करूनही मला याचं अप्रूप वाटतं. त्यांच्या जोडीला घातलेलं सिटाइल किंवा स्टिअरिल अल्कोहोल मेणासारखं स्निग्ध असतं. बाटलीवर 'अल्कोहोल' वाचून घाबरून ती परत ठेवू नका.

आता तेल. नरक चतुर्दशीला पहाटे डोक्याला तेल चोळून मग न्हायचं, हा आपल्याकडचा क्रम आहे, आणि कुरळ्या केसांसाठी तो अगदी योग्य आहे. मॅरिको या कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातून होणारी प्रथिनांची गळती फक्त खोबरेलाने कमी झाली. ही कंपनी खोबरेल विकते, हे वाचकाला माहीत असायला हवं. पण त्याआधी २००१ मध्ये याच संशोधकांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या वस्त्र-संशोधन संस्थेबरोबर काम करून खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि खनिज तेल शिरत नाही हे उपकरणांनी दाखवलं होतं, आणि कारणही रसायनशास्त्राला पटणारं आहे. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याची साखळी अवघ्या बारा कार्बनांची आणि सरळ असते, ती प्रथिनांशी सलगी करत आत जाते. सूर्यफुलाच्या तेलातली साखळी लांब आणि वाकडी असते. खनिज तेलाला प्रथिनांशी काही देणंघेणंच नसतं. ओला केस जाडीत १४ ते १६ टक्के फुगतो, लांबीत जेमतेम एक-दोन टक्के. आत खोबरेल असेल तर हे फुगणं कमी होतं आणि खवल्यांवरचा ताणही.

म्हणून तेल न्हाण्याआधी तासभर तरी, शक्य असेल तर आदल्या रात्री, मधोमध ते टोकापर्यंत लावावं. कोरड्या केसांना 'ओलावा' म्हणून दिवसभर तेल थापून फिरण्यात मात्र अर्थ नाही. तेलात पाणी नसतं आणि रस्त्यावरची धूळ त्याला चिकटते. कोंडा असेल तर टाळूला तेल लावूच नये. कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया ही बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच पोसते. कोंडा म्हणजे कोरडी टाळू असं समजून आया तेल वाढवत नेतात आणि पोरीचं डोकं आणखी खाजतं.

न्हाताना शाम्पू टाळूला, कंडिशनर लांबीला. कंडिशनर केसांत असतानाच गुंता सोडवायचा, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर चढत. कोरड्या कुरळ्या केसांत बारीक फणी घालणं मी कुणालाच सुचवणार नाही, शाळेची घाई असली तरी. केस टिपायला जाड टॉवेल नको, पंचा घ्या. त्याचं विरलेलं सुती कापड पाणी शोषतं आणि खवले उचकटत नाही. केस अजून ओले असतानाच वर एखादा पातळ पडदा चढवायचा, म्हणजे वाळताना बटा एकत्र राहतात.

यासाठी मला जवसाइतकं दुसरं काही आवडत नाही. विदर्भ-मराठवाड्यात चटणीसाठी घरात असतोच. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत राहा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की लगेच उतरवून गरम असतानाच मलमलीतून गाळा. गार झाल्यावर हा चिक गाळता येत नाही. फ्रिजमध्ये तो आठवडाभर टिकतो, वास बदलला की टाकून द्या. जास्वंदीच्या पानांचा चिकही याच जातीचा. कोरफडीचा गर मात्र जवळजवळ सगळा पाणीच असतो. एकटा लावला तर केस वाळल्यावर कडक लागतात, त्यावर कंडिशनर हवंच.

ग्लिसरीन ऋतू पाहून वापरावं. ते हवेतलं पाणी ओढून धरतं. पुण्याच्या नोव्हेंबरात ते बरं वाटतं, मुंबईच्या जुलैत तेच केसाला हवं त्याहून जास्त पाणी आणून देतं. पावसाळ्यात बाटलीच्या मागची यादी वाचा. ग्लिसरीन पहिल्या चार-पाच घटकांत असेल तर ती बाटली दिवाळीनंतर उघडा. कडक उन्हाळ्यात, हवेतच पाणी नसताना, ते ओढणार तरी कुठून? तेव्हा स्निग्ध कंडिशनर जास्त उपयोगी पडतं.

बोअरचं पाणी हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम झिजलेल्या केसाच्या ऋणभारित जागांवर बसतं, आणि साबणाबरोबर त्याची न विरघळणारी साय तयार होते. केस निस्तेज आणि चिकट-राठ होतात, मग मुलगी महागडी क्रीमं बदलत बसते. महिन्यातून एकदा हे क्षार पकडून काढणारं ईडीटीए असलेला शाम्पू वापरा, आणि शेवटचं धुणं जमेल तेव्हा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया पाणी काही घरांत न्हायला वापरतात, ते तर आणखी जड असतं. डोक्यासाठी नको.

न्यूयॉर्कच्या लोरेन मॅसी यांच्या २००१ मधल्या पुस्तकामुळे कुरळ्या केसांना शाम्पू लावूच नये हा विचार जगभर पसरला. कुरळ्या केसांना आहे तसं राहू द्या, हे त्यांनी ठामपणे सांगितलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण आपल्या धुळीत आणि घामात, वर खोबरेल लावून, शाम्पूशिवाय टाळू स्वच्छ राहत नाही. सौम्य शाम्पू आठवड्यातून एक-दोनदा लावाच. पेल्यातल्या पाण्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो यावरून त्याची सच्छिद्रता ठरवायची चाचणीही सोडून द्या. त्यात पाण्याचा पृष्ठताण आणि केसावरचं तेल मोजलं जातं, बाकी काही नाही.

सरळ करून घेण्याबद्दल मला तीव्रपणे वाटतं. 'केराटिन' नावाने विकल्या जाणाऱ्या काही उपचारांत तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटतं. त्याला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायऑक्झिलिक आम्लाबद्दल २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका तरुणीची नोंद आली. सलूनमध्ये केस सरळ करून घेतल्यानंतर तीन वेगवेगळ्या वेळी तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. लग्न ठरलं म्हणून, मुलाखत आहे म्हणून, वर्गात 'झिपरी' म्हणतात म्हणून मुली हे करायला निघतात, आणि घरातले पैसे देतात. त्या पैशांत वर्षभराचं कंडिशनर येतं.

ज्यांनी आधीच रसायनांनी केस कायमचे सरळ करून घेतले आहेत, त्यांच्या सरळ झालेल्या भागात वळण परत येणार नाही. तिथले गंधकाचे बंध तोडून नव्या आकारात बसवलेले असतात. मुळाशी महिन्याला सेंटिमीटरभर कुरळा केस येत राहील. नवा आणि जुना केस जिथे भेटतो तिथेच तो सगळ्यात जास्त तुटतो, म्हणून कंडिशनर त्या सांध्यावर बोटांनी मुद्दाम दाबून लावा, घट्ट वेणी टाळा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी खालचा सरळ भाग दोन-तीन बोटं कापत जा. खांद्यापर्यंत पूर्ण कुरळे केस यायला दोन-अडीच वर्षं लागतात.